‘नको’ कुठवर पोचतं?

नोव्हेंबर 2025मध्ये डेटा संरक्षण कायद्याचे नियम जाहीर झाले आणि लालबागच्या मसालेवाल्या काकांचा फोन आला. "वेबसाइटवरची ती कुकीची पट्टी तेवढी नीट करून दे रे. बाकी काही नाही ना?"

बाकीच तर सगळं आहे.

2005ला गूगल ॲनालिटिक्स आलं. पुढची काही वर्षं नुसते भेटींचे आकडे मोजण्यात गेली. 2012ला टॅग मॅनेजर आला आणि खरी चटक लागली. लोअर परळला, जिथे एके काळी माग धडधडायचे त्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस होतं. गिरगावचा पुस्तकवाला असो की दादरचा साडीवाला, एकेका पानावर आम्ही वीस-वीस टॅग, म्हणजे माहिती टिपणारे कोडचे तुकडे, चढवले. गिऱ्हाइकाला कधी विचारलं नाही. ऑगस्ट 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ऑफिसात कोणी अवाक्षर काढलं नाही. मीही नाही, आणि ते मला आजही लागतं. मे 2018ला युरोपचा डेटा संरक्षण कायदा लागू झाला, तर साहेब म्हणाले, तो तिकडचा.

2020ला टॅग मॅनेजरमध्ये सर्व्हर-साइड टॅगिंग आलं. ब्राउझरने वीस ठिकाणी धावायचं नाही. माहिती आपल्याच उपडोमेनवरच्या सर्व्हरकडे येणार, कुणाला काय द्यायचं ते तो ठरवणार. पान हलकं होतं, आयपी पत्ता पुढे जाऊ न देण्याची सोय होते. चांगलीच गोष्ट आहे. पण पुढे काय जातं, ते गिऱ्हाइकाला दिसेनासं होतं. म्हणून त्याचा नकार सर्व्हरपर्यंत पोचलाच पाहिजे.

काकांच्या वेबसाइटवर पट्टीचं आणि या टॅगिंगचं काम एका एजन्सीने केलं होतं. मी पट्टीवर ‘नको’ दाबलं आणि ब्राउझरमधून गेलेली विनंती उघडली. संमतीचा संकेत जी100, म्हणजे सगळ्याला नकार, हवा होता. होता जी111, म्हणजे जाहिरातीलाही होकार, मोजणीलाही होकार. बेडगी मिरची निवडून, भाजून, डोळ्यांसमोर कुटून घेणाऱ्या बाईने ‘नको’ म्हटलं होतं आणि तिच्या नावावर ‘हो’ चाललं होतं. मला संताप आला.

दोन दिवस बसून ते दुरुस्त केलं. संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी, असं आपला 2023चा डेटा संरक्षण कायदाच सांगतो. ते बंधन मे 2027पासून लागू होईल. काकांकडे पट्टी आजच मराठीत आहे, दोन्ही बटणं सारखी. ‘नको’ दाबलं की जी100 जातो आणि सर्व्हरवरचा जाहिरातीचा टॅग गप्प राहतो.

दादरच्या साडीवाल्यांकडे पट्टी अजून इंग्रजीच आहे, आणि नकाराचं बटण दुसऱ्या पानावर.