पहिलं लाकडी लेथ मशीन घेताय? ‘किती एचपी?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा

लाटणं, भोवरा, पाळण्याचे गोल दांडे. या सगळ्या वस्तू लाकूड फिरवून, त्याला धारदार हत्यार लावून घडतात. हे काम करणारा तो कातारी. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांतले गोल भागही असेच कातले जातात.

आयटीआयच्या ‘टर्नर’ ट्रेडमध्ये शिकवतात तो धातूचा लेथ. त्यात हत्यार मशीनमध्ये घट्ट बसवलेलं असतं. लाकडाच्या लेथमध्ये ते टेकूवर ठेवून हाताने धरावं लागतं. म्हणूनच मशीन चुकीचं निवडलं, तर पैशांबरोबर हातही धोक्यात येतो.

आधी ठरवा, बनवायचं काय?

लाटणं, पेन किंवा भोवऱ्यासाठी छोटं, टेबलावरचं मशीन पुरतं. मोठ्या वाडग्यासाठी ‘स्विंग’ बघा. १० इंच स्विंग म्हणजे जास्तीत जास्त १० इंच व्यासाचं लाकूड फिरेल. लांब वस्तूंसाठी दोन टोकांमधलं अंतर बघा.

वजन आणि वेग

हलकं मशीन थरथरतं. ओतीव लोखंडाचं, जड मशीन घ्या आणि मजबूत टेबलाला बोल्टने आवळा. ड्रिल मशीन जोडून चालणारे स्वस्त किट भोवऱ्यापुरते ठीक, वाडग्यासाठी नाहीत.

वेगाचा ढोबळ हिशोब असा: लाकडाचा व्यास (इंचात) गुणिले मिनिटाला फेरे, हा गुणाकार ६,००० ते ९,००० असावा. म्हणजे ६ इंची वाडग्याला १,००० ते १,५०० फेरे. पण ओबडधोबड लाकडाची सुरुवात याहून बरीच कमी वेगाने करायची. त्यामुळे मशीन किती सावकाश फिरतं, हे दुकानदाराला नक्की विचारा.

वीज कोणती?

धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत घरगुती जोडणी सहसा सिंगल फेज असते. शेतीच्या लाईनवर थ्री फेज वीज ठरावीक तासच मिळते. घरी काम करायचं तर सिंगल फेज मोटार घ्या. छोट्या मशीनला अर्धा एचपी, म्हणजे साधारण ३७० वॅट, पुरेसे आहेत.

सगळे पैसे मशीनवर घालू नका

पटाश्या, त्यांना धार लावायला ग्राइंडर, लाकूड पकडणारा चक आणि पूर्ण चेहरा झाकणारी फेस शील्ड हा खर्च वेगळा. तो मशीनइतकाही होऊ शकतो. चकचे आटे मशीनच्या आट्यांशी जुळतात का, हे घेण्याआधीच तपासा. जुनं मशीन घेणार असाल तर चालवून बघा: आवाज, थरथर आणि दोन्ही टोकं समोरासमोर जुळतात का.

सरावाला महाग सागवान नको. कडुनिंब, आंबा, सुबाभळीचे भेगा नसलेले तुकडे चालतील. काम करताना सैल बाह्या, ओढणी, हातमोजे मात्र अजिबात नकोत. फिरतं लाकूड कापड ओढून घेतं.

आणि जवळपास कुणी कातकाम करत असेल, तर पैसे भरण्याआधी एक दिवस त्यांच्या मशीनवर हात बसवून बघा.