अंग बाहेर येण्याच्या ऑपरेशननंतरचे शरीरसंबंध

बाळंतपणांत ताणलेले ओटीपोटाच्या तळाचे स्नायू पाळी गेल्यावर आणखी सैल पडतात आणि मूत्राशय, गर्भाशय किंवा गुदाशय योनीत उतरतो. बायका याला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. व्यायाम किंवा रिंग बसवून भागले नाही तर ऑपरेशन करतात. पुष्कळदा गर्भाची पिशवी काढून योनीच्या भिंती टाके घालून आवळतात. मूल हवे असलेल्या तरुणींसाठी मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी पिशवी न काढता ती पट्टीने वर टांगण्याची पद्धत काढली.

ऑपरेशन झाले म्हणजे शरीरसंबंध संपले, हा समज चुकीचा आहे. कामसुख देणाऱ्या शिश्निकेला या ऑपरेशनमध्ये हात लागत नाही आणि अंडाशय ठेवले तर हार्मोनही चालू राहतात. बाहेर आलेल्या भागाची लाज गेल्याने अनेकींना संबंध पूर्वीपेक्षा सुखाचे वाटतात.

काहींना मात्र नव्याने दुखू लागते. मागची भिंत शिवताना दोन्ही बाजूंचे स्नायू मधोमध ओढून बांधले की योनीमार्ग अरुंद होतो. म्हणूनच टाके घालून झाल्यावर दोन बोटे सहज आत जातात ना, हे सर्जन तपासून पाहतात. योनीमार्गे बसवायच्या कृत्रिम जाळीने दुखण्याच्या तक्रारी वाढल्या. अंग सावरण्यासाठीच्या अशा जाळ्यांची विक्री अमेरिकेने 2019 मध्ये थांबवली. फार थकलेल्या स्त्रियांत कधी योनीमार्गच जवळजवळ बंद करतात. हे ऑपरेशन सोपे आणि टिकाऊ असते, पण त्यानंतर संभोग शक्य नसतो. तेव्हा वयावरून काहीही गृहीत न धरता ‘संबंध चालू आहेत का, पुढे हवेत का?’ हे प्रत्येकीला आधी एकांतात विचारलेच पाहिजे. सासू किंवा मुलगा शेजारी उभा असताना ती खरे सांगणार नाही.

ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे संबंध टाळून, तपासणीत जखम भरलेली दिसली की सुरुवात करावी. पाण्यावर आधारित जेल वापरावी, घाई करू नये. स्त्री वर असेल तर किती आत घ्यायचे हे तिच्या हाती राहते. पाळी गेलेल्यांना कोरडेपणावर इस्ट्रोजेनची क्रीम उपयोगी पडते; स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच लावावी. भीतीने स्नायू आवळले जात असतील तर ते सैल सोडायला फिजिओथेरपिस्ट शिकवतात. दुखणे थांबत नसेल, रक्त दिसत असेल किंवा जाळी बसवलेली असून नवऱ्याला आत काही टोचत असेल, तर सर्जनकडून पुन्हा तपासून घ्यावे. घट्ट झालेला व्रण मोकळा करता येतो आणि उघडी पडलेली जाळी कापून काढता येते.