धूर वर जातो, गॅस खाली बसतो

भाऊबीज आटोपली की गोंदिया जिल्ह्यात मंडयांचे दिवस सुरू होतात. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री झाडीपट्टीचं नाटक. नाटक पहाटेपर्यंत चालतं, म्हणून मंडपाबाहेरचा चहा-भजीवालाही पहाटेपर्यंत जागा. अर्जुनी मोरगावकडच्या एका मंडईत मी अशाच एका भट्टीशेजारी बसून होतो. भट्टीला 19 किलोची निळी टाकी जोडलेली. मध्यरात्रीनंतर थंडी वाढली, तसा टाकीचा खालचा भाग घामेजला. हात लावला तर बर्फासारखा गार. वरचा भाग मात्र कोरडा होता आणि दोहोंमधली रेघ बोटाने दाखवता येईल इतकी स्पष्ट.

टाकीत द्रव कुठवर उरलाय, ते ही रेघच सांगते. आपण गॅस म्हणतो खरं, पण टाकीत असतो तो दाबाखालचा द्रव, प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो, साधा ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास. कॉक उघडला की वरची वाफ बाहेर पडते, दाब उतरतो आणि खालचा द्रव उकळू लागतो. त्या उकळण्याला उष्णता लागते. ती तो टाकीच्या पोलादातून ओढतो, पोलाद बाहेरच्या हवेतून. घरच्या शेगडीला गॅस थोडा लागतो, म्हणून तिथे हे जाणवत नाही. मोठ्या भट्टीला मात्र हवेतून मिळणारी उष्णता पुरत नाही, टाकी गारठते आणि जाळ बसतो. शिवाय प्रोपेन लवकर उडून जातो, मागे ब्युटेनचं प्रमाण वाढतं. त्यामुळे डिसेंबरच्या रात्री टाकी जड लागते, तरी जाळ मंद.

भजीवाल्याने घमेल्यात कोमट पाणी ओतून टाकी त्यात उभी ठेवली. थोड्या वेळात जाळ पुन्हा धरला. ही युक्ती कोमट पाण्यापुरतीच ठीक. उकळतं पाणी ओतणं किंवा टाकीखाली निखारे सारणं म्हणजे जिवाशी खेळ. टाकी आडवी करून शेवटचा गॅस काढणारेही मी पाहिले आहेत. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रवच नळीत येतो आणि एक लिटर द्रवाची सुमारे अडीचशे लिटर वाफ होते. एवढा भडका कुठलीच भट्टी पेलत नाही.

मला खरी काळजी वाटते ती घरांची. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि जंगलाकाठच्या गावांतही लाल टाकी पोचली. सरपणासाठी रानात जाणाऱ्या बायांचे श्रम आणि अस्वला-वाघाची भीती ज्याने पाहिली, त्याला तिचं मोल सांगायला नको. पण चूल गेली नाही. चहा, मुलांचा डबा गॅसवर. अंघोळीचं पाणी चुलीवर. सालेकसा-देवरीकडे कितीतरी घरांत दोन्ही एकाच खोलीत आहेत.

ती खोली बांधली गेली धुरासाठी. धूर वर जातो, म्हणून कौलांखाली फट ठेवलेली. गॅस याच्या नेमका उलट वागतो. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुपटीने. गळालेला गॅस जमिनीलगत पसरतो, कोपऱ्यात साचतो, वरच्या फटीपर्यंत जातच नाही. आणि त्याच जमिनीवर चुलीतले निखारे धगधगत असतात. हवेत साधारण दोन टक्के गॅस मिसळला तरी पेट घ्यायला पुरतो.

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. वास आला तर आधी चुलीतली आग बाहेर न्यावी की रेग्युलेटर बंद करावा, असा विचार करत बसू नका. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, माणसं बाहेर. निखाऱ्यांना हात लावू नका, पंख्याचं-दिव्याचं बटण दाबू नका. वास येऊ लागला तेव्हा बटण जसं असेल तसंच राहू द्या. बाहेर येऊन 1906 वर फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालतो.

टाकी घेताना व्हॉल्व्हमधली काळी रबरी रिंग बघून घ्या. ती चिरली असेल तर रेग्युलेटर कितीही घट्ट बसवा, गॅस झिरपतोच. टाकी घरी आणणाऱ्याला व्हॉल्व्हवर पाण्याचे दोन थेंब टाकायला सांगा, बुडबुडे आले तर टाकी परत करा. शेगडी टाकीपेक्षा उंचावर ठेवा. टाकी कायम उभीच असू द्या. दाराच्या तळाशी हवेला वाट ठेवा. आणि जमलं तर या हिवाळ्यात चूल पडवीत न्या. अंघोळीचं पाणी तिथेही तापेल.