अर्धवट कामाची जागा

दिवाळीच्या सुट्टीत मुलं किल्ला करतात. दगडविटांवर पोतं पसरायचं, त्यावर माती लिंपायची, उतारावर अळीव नाहीतर मोहरी पेरायची आणि बुरुजांवर मावळे उभे करायचे, हा उद्योग चार-पाच दिवस उघड्यावर चाललेला असतो. मध्येच पडलेली घमेली, चिखलाची बादली, अर्धाच झालेला दरवाजा यांना कोणी हात लावत नाही, कारण काम चालू आहे हे सगळ्यांना मान्य असतं. त्याच घरातल्या मोठ्या माणसाने जेवणाच्या टेबलावर भरतकामाची रिंग, दोऱ्यांच्या लडी आणि छाप उठवायचा कागद मांडला, तर त्याची मुदत पानं घेईपर्यंतच. मग सगळं पिशवीत कोंबलं जातं, पिशवी कपाटावर जाते आणि पुन्हा खाली यायला महिना लागतो. घरात हस्तकलेसाठी जागा करायची म्हणजे नक्की काय करायचं, याचा विचार या फरकापासून सुरू करायला हवा असं मला वाटतं. आकाशकंदील, भरतकाम, मातीकाम, कागदकाम, गोधडी, काहीही असो, सोय एकच पाहायची: अर्धवट राहिलेलं काम तिथे तसंच मांडून ठेवता येतं का? बाकीच्या गोष्टी त्यानंतर.

सध्या या विषयावर जे सल्ले मिळतात ते बहुतेक सजावटीचे असतात. पांढरी शेल्फं, काचेच्या बरण्यांत रंगांनुसार लावलेली बटणं, भिंतीवर छिद्रांचा फळा, वर दिव्यांची माळ. दिसायला हे सुरेख असतं, पण ही सगळी मांडणी काम संपल्यानंतरची आहे. काम चालू असतानाची खोली तशी दिसत नाही आणि दिसू नये. नोकरी-घर सांभाळून हाती लागणारा वेळ संध्याकाळचा तासभर धरू. सामान काढून लावायला पंधरा मिनिटं आणि आवरायला दहा मिनिटं गेली, तर जवळजवळ निम्मा तास हमालीतच संपतो. शिवाय काही कामं उचलता येतच नाहीत. शाडूची ओली मूर्ती, गोंद लावून दाबाखाली ठेवलेली वहीची बांधणी, जलरंगासाठी फळ्यावर ताणलेला कागद, साच्यात ओतलेलं रेझिन, यांना हलवलं की ती बिघडतात. रेझिनला तर कडक व्हायला साधारण एक दिवस लागतो, आणि तेवढा वेळ ते सपाट, धूळ न उडणाऱ्या जागी राहिलं पाहिजे. रोज आवरून टाकायच्या टेबलावर ही कामं होऊच शकत नाहीत. मग माणूस उचलता येईल तेवढंच करायला शिकतो आणि आपल्याला जमत नाही अशी समजूत करून घेतो.

ज्यांचं पोट कारागिरीवर आहे त्यांच्या घरांकडे पाहिलं, तर त्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला दिसतो. येवल्यात पैठणी विणणाऱ्यांच्या घरात माग राहत्या जागेतच असतो. पारंपरिक खड्ड्याच्या मागात विणकर जमिनीत केलेल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पावड्या खाली दाबतो. ताणा जमिनीच्या जवळ राहिल्यामुळे त्याला थोडी ओल मिळते आणि सूत तुटायचं प्रमाण कमी होतं. एक साडी आठवडे, कधी महिने मागावर असते, म्हणजे अर्धवट पैठणी हा त्या खोलीचा कायमचा रहिवासी. पेणच्या गणपती कारखान्यांतही मूर्ती एका दमात पूर्ण होत नाहीत. त्या वाळत, रंगाची वाट पाहत फळ्यांवर ओळीने उभ्या असतात आणि माणसं त्यांच्यामधून वाट काढतात. सावंतवाडीच्या राजवाड्यात लाखकाम आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, यांचं पुनरुज्जीवन झालं, तेव्हा कारागिरांना चक्क दरबार हॉलमध्ये जागा मिळाली. घराण्याने आपलं सर्वांत दर्शनी दालन चालू कामाला दिलं, हे मला मोठं वाटतं. आणि ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. इंग्लंडमधल्या विल्यम मॉरिसचा स्वतःचा कारखाना होता, हाताखाली कारागीर होते, तरी 1879 साली चित्रजवनिका (टॅपेस्ट्री) विणायला शिकताना त्याने माग लंडनच्या घरात, स्वतःच्या झोपायच्या खोलीत बसवला. पहाटे उठून तो त्यावर बसे. पहिल्या विणकामाला त्याला 500हून जास्त तास लागले, आणि ते काही महिन्यांत पूर्ण झालं, याचं एक कारण मागापर्यंत जायला लागणारं अंतर हे असणार.

यावर लगेच येणारा आक्षेप असा की आपल्या आज्या-पणज्यांनी कुठलाही स्टुडिओ नसताना गोधड्या शिवल्या. आक्षेप खरा आहे, पण त्यात एक गोष्ट विसरली जाते: त्यांच्याकडे ओसरी होती. जुन्या साड्या-धोतरांचे थर अंथरायला सारवलेली किंवा फरशीची सपाट जमीन, बाजूने येणारा भरपूर उजेड, वारा, आणि दुपारभर सोबतीला बसणाऱ्या शेजारणी. दिवेलागणीला गोधडी गुंडाळून खुंटीवर किंवा माळ्यावर जाई खरी, पण उलगडायला जागा ठरलेली होती आणि तिथे त्या वेळी दुसरं काही मांडलेलं नसे. फ्लॅटच्या नकाशातून ओसरी, पडवी, परसू तिन्ही गेली आणि त्यांची कामं मात्र राहिली. पायाने चालवायच्या शिवणयंत्राचंही तसंच. ज्या घरात ते खिडकीशी कायमचं उभं असे, तिथे उसवलेली शिवण त्याच दिवशी घातली जाई. आज हलकं, विजेवरचं, उचलून ठेवता येणारं यंत्र मिळतं. ते खोक्यात राहतं. लहान आकार म्हणजे सोय हे समीकरण इथे उलटं पडतं.

दुसरा आक्षेप जागेचा, आणि तो जास्त वजनदार आहे. तीनशे चौरस फुटांत चार माणसं राहत असतील तर कोणत्या तोंडाने स्टुडिओ म्हणायचं? पण धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या पिढ्यांनी चिंचोळ्या घरांमध्ये राहणं आणि चाक एकत्र चालवलं आहे, भट्ट्या बाहेर सामायिक ठेवल्या आहेत. त्यांच्या हालांचं कौतुक करायचं कारण नाही; धुराचा त्रास तिथे खरा आहे. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच की जागेची वाटणी करताना त्यांनी काम शेवटी मोजलं नाही. छंदासाठी लागणारी जागा तर त्याहून पुष्कळ कमी असते. दोन फूट बाय चार फुटांची एक फळी भिंतीला बिजागरीने बसवली आणि ती कधीच मिटायची नाही असं ठरवलं, तरी भरतकाम, कागदकाम, दागिने, छोटं मातीकाम यांची सोय होते. तेही शक्य नसेल तर मोठे ट्रे किंवा प्लायवुडचे कापलेले तुकडे घ्यावेत. एका कामाला एक फळी, आणि काम न उचलता फळीच उचलून कपाटाच्या रिकाम्या खणात सरकवायची. खण त्यासाठी रिकामा ठेवायला लागतो, हीच काय ती किंमत.

एकदा जागा मान्य झाली की पहिला खर्च उजेडावर करावा, रॅकवर नाही. चित्रकार उत्तरेची खिडकी मागतात कारण तिथून सरळ ऊन येत नाही आणि सावल्या दिवसभर फारशा बदलत नाहीत. आपल्याकडे याला एक पुस्ती जोडावी लागते. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, तेव्हा उत्तरेच्या खिडकीतही ऊन डोकावू शकतं. पण त्यातला बराच काळ ढगांचा असल्याने एक पातळ पडदा पुरतो. रात्रीच्या दिव्याबाबत लोक फक्त वॅट पाहतात. त्याहून महत्त्वाचा आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेला सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचं माप. तो 90च्या वर असावा, आणि प्रकाशाची छटा 4000 ते 5000 केल्व्हिनच्या दरम्यान. साडीच्या दुकानात जाणती बाई पदर घेऊन दारापर्यंत का जाते, हे दुकानदारालाही ठाऊक असतं: दिव्याखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात. शिवाय साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. निवृत्तीनंतर छंद सुरू करणाऱ्यांनी हात थरथरतो म्हणून नाराज होण्याआधी दिवा बदलून पाहावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने तो डावीकडे ठेवावा, म्हणजे हाताची सावली सुईवर पडत नाही. आणि भिंत पांढरी किंवा फिकट राखाडी बरी. गडद जांभळी भिंत छायाचित्रात खुलते, पण शेजारच्या प्रत्येक दोऱ्याला आपली झाक देते.

हवेचा विचार आपल्या मासिकांत जवळजवळ नसतो, कारण सजवलेल्या खोलीच्या चित्रात हवा दिसत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात बंद कपाटातला कागद चार महिन्यांत लाटा खातो, कापडावर बुरशीचे ठिपके येतात, जर काळवंडते आणि हवेवर वाळणारी माती वाळायचं नाव घेत नाही. अशा हवेत गोल प्लास्टिकचे घट्ट डबे आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, कपड्यांत वेखंड किंवा कडुनिंबाचा वाळलेला पाला, आणि जरीच्या कापडाला मलमलीचं आवरण हे जुने-नवे उपाय एकत्रच वापरावेत. स्वयंपाकघराला लागून जागा असेल तर फोडणीचा तेलकट थर कापडावर बसतो, याचाही हिशेब हवा. रेझिन, स्प्रेचा रंग, वॉर्निश यांची वाफ बंद खोलीत घेऊ नये, तिथे झोपू तर मुळीच नये. मॉरिसचं उदाहरण लोकरीपुरतंच. मातीकाम करणाऱ्यांनी सुकलेली माती झाडूने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावी, कारण तिच्या धुळीतली सिलिका वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर ती इजा भरून येत नाही. हात आणि अवजारं बेसिनमध्ये न धुता बादलीत धुवावीत, गाळ खाली बसला की वरचं पाणी ओतावं. नळकाम करणाऱ्याला बोलावण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. विजेचं गणितही सोपं आहे. हजार वॅटची इस्त्री साधं 6 अँपिअरचं सॉकेट सहन करतं, पण दीड-दोन हजार वॅटची गरम हवेची गन किंवा घरगुती विद्युतभट्टी यांना 16 अँपिअरचंच हवं, आणि एक्स्टेन्शनच्या वायरीवर ती लावू नयेत.

सामान ठेवण्याबद्दल माझं मत थोडं जुन्या वळणाचं आहे. मॉड्युलर ओट्यामुळे घराघरांतून निघालेली स्टीलची मांडणी ही हस्तकलेसाठी उपलब्ध असलेली उत्तम वस्तू आहे. तिच्यातलं सगळं समोर दिसतं, वारा खेळतो, वाळवी लागत नाही, आणि ताटांच्या खाचांत कापडाच्या घड्या आणि कागद उभे राहतात. न दिसणारी वस्तू माणूस पुन्हा विकत आणतो, हा या छंदातला सर्वांत मोठा छुपा खर्च. जपानी कारखान्यांत फळ्यावर प्रत्येक अवजाराची बाह्यरेषा काढतात, म्हणजे कोणती जागा रिकामी आहे ते लांबून कळतं. तेच पेन्सिलीने घरातल्या भिंतीवर करता येतं, आणि ही सजावट मला मंजूर आहे, कारण ती कामातून आलेली आहे. दोऱ्यांच्या लडी मात्र कितीही सुंदर दिसल्या तरी उन्हाच्या वाटेवर टांगू नयेत. वनस्पतीजन्य रंग, त्यातही हळदीचा, फार लवकर उडतो.

राहिला पसाऱ्याचा प्रश्न. पाहुणे येतात, घर नीट दिसलं पाहिजे, ही अपेक्षा खोटी नाही, आणि ती बहुतेक घरांत त्याच व्यक्तीकडून केली जाते जिचा छंद असतो. यावर तोडगा अवघड नाही: जुन्या साडीचा पडदा किंवा फळीवर टाकायला एक सुती चादर. काम झाकावं, मोडू नये. पण या आक्षेपामागे दुसरं काही दडलेलं असतं. 2020च्या टाळेबंदीत अनेक घरांत ऑफिसच्या कामासाठी टेबल लागलं आणि ते तिथेच राहिलं, त्याची अडचण कोणी काढली नाही, कारण त्यातून पगार येतो. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फने 1929 साली स्त्रीच्या लेखनासाठी स्वतंत्र खोली आणि स्वतःचं उत्पन्न या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या, त्या याच अनुभवावरून. ज्या कामातून पैसे येत नाहीत त्याला घर चौरस फूट देत नाही. हे धोरण म्हणून कोणी ठरवलेलं नसतं, पण रोज संध्याकाळी ते अमलात येतं. छंदातून उद्या उत्पन्न होईल असं सांगून जागा मिळवू नये, असंही मला वाटतं. तसं सांगितलं की पहिल्या वर्षी विक्री झाली नाही म्हणून फळी काढून घेतली जाते. घरात टीव्हीला जागा आहे ती त्याने कमावलं म्हणून नव्हे.

तेव्हा यंदाच्या आवराआवरीत रॅक, बरण्या, दिव्यांच्या माळा यांची खरेदी महिनाभर पुढे ढकला. खिडकीजवळची एक फळी किंवा टेबलाचा एक भाग निवडा, एक काम सुरू करा, ते अर्धवट ठेवून उठा आणि घरातल्यांना सांगा की हे असंच राहणार आहे. महिन्याने त्या जागी काय कमी पडतं ते तुमच्या हातांना नेमकं कळलेलं असेल. त्याची यादी करा आणि तेवढंच आणा.