अंतराळांतील बर्फाची ओळख

निनांवी उत्तरपत्रिका कोणाची, हें शिक्षक जुन्या वह्यांशीं अक्षर ताडून ओळखतो. अंतराळांतील बर्फाची ओळखहि अशीच पटते.

ताऱ्यांमधील काळ्या मेघांत धूलिकणांवर बर्फाचा पातळ थर असतो. मागील ताऱ्याचे अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडील अदृश्य, किरण त्यांतून येतांना कांहीं लहरी शोषल्या जातात. त्या कोणत्या पदार्थानें शोषल्या, हें एकटी दुर्बीण सांगूं शकत नाहीं. ताडून पाहण्यास नमुना हवा.

तो प्रयोगशाळेंत मिळतो. हॉलंडमधील लायडेन येथें निर्वात पात्रांत, शून्याखालीं सुमारें २६३ अंशांवर वायु गोठवून त्यांतून अवरक्त किरण सोडतात. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. पाण्याच्या बर्फाची खूण ३ मायक्रॉनजवळ, तर कार्बन डायॉक्साइडची ४.२७ वर उमटते.

पाण्याचा हा बर्फ थोडा तापविला, कीं त्यांतील रेणूंची विस्कळित मांडणी रेखीव होते व खुणेचा आकार पालटतो. तो पुन्हां थंड केला, तरी पूर्ववत् होत नाहीं. म्हणून त्याचा पूर्वेतिहासहि वाचतां येतो.

जेम्स वेब दुर्बिणीनें टिपलेल्या कॅमेलिऑन नक्षत्रांतील मेघाच्या वर्णपटांत अमोनिया, मिथेन, मेथॅनॉल ओळखल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. जेथें तारे जन्मावयाचे, तेथें सजीवांस लागणारीं मूलद्रव्यें आधींच गोठून राहिलीं आहेत. आणि हें कळलें, तें येथें गोठविलेल्या चिमूटभर बर्फामुळें!