खाटेखालची गादी

पुण्यात गणेशखिंडीच्या आवारात प्रवेश आटोपले, की मुलं एकमेकांना एकच प्रश्न विचारतात. ‘नंबर लागला का?’ नंबर म्हणजे वसतिगृहातला. ज्याचा लागतो तो कुलूप, बादली आणि चादर घेऊन रूमवर जातो. ज्याचा लागत नाही तोही गावी परतत नाही. आपल्या तालुक्यातला, आपल्या कॉलेजातून आलेला, निदान फोनवर ओळख निघेल असा कुणीतरी तो शोधतो आणि रात्री पिशवी घेऊन त्याच्या दारात उभा राहतो. खाटेखाली सुरळी करून ठेवलेली गादी बाहेर येते, दोन खाटांच्या मधल्या फरशीवर पसरली जाते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वसतिगृहांत अशा मुलाला एक नाव आहे: पॅरासाइट.

हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला की बोचतो. पण ‘हा आमचा पॅरासाइट’ अशी ओळख करून देणारा मुलगा ‘हा आमचा धाकटा’ म्हणावं तशा सुरात बोलत असतो. शब्द जीवशास्त्राच्या पुस्तकातला खरा, पण इथे त्यातलं विष गळून गेलं आहे. दोघांच्या खोलीत तिघं, परीक्षेच्या दिवसांत चौघं. नियमांत ही व्यवस्था कुठेही बसत नाही. रूम चेकिंगची कुणकुण लागली की जादा गादी पुन्हा खाटेखाली जाते आणि तिचा मालक अभ्यासिकेत.

तरीही या व्यवस्थेला स्वतःचे नियम आहेत आणि ते काटेकोर पाळले जातात. पॅरासाइट सकाळी आधी उठतो, कारण तो निजलेला असेपर्यंत कुणाला पाय ठेवायला जागा नसते. आंघोळीच्या रांगेत तो अ‍ॅलॉटमेंटवाल्याच्या पुढे घुसत नाही. पिण्याचं पाणी बहुतेक तोच भरून आणतो. त्याचे कपडे खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीच्या शेवटच्या टोकाला. मेसमध्ये डबा एकाचा असला तरी पोळ्या दोघांत मोडल्या जातात आणि त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. दिवसभर त्याचा मुक्काम जयकर ग्रंथालयात. मन लावून वाचणाऱ्यांत ज्याला परतायला स्वतःची खोली नाही असा एखादा असतोच, असं माझं निरीक्षण आहे.

हे आवार मूळचं मुंबईच्या गव्हर्नरचं. आजची मुख्य इमारत म्हणजे त्याचा पावसाळी बंगला, 1864 ते 1871 या काळात उभा राहिलेला. 22 जून 1897 च्या रात्री याच बंगल्यातला राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव उरकून परतताना प्लेग अधिकारी रँडवर गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. 1949 मध्ये इथे विद्यापीठ आलं, बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले आणि गव्हर्नरसाहेबाची 411 एकर जमीन शेतकऱ्यांच्या, शिक्षकांच्या, हमालांच्या मुलांची झाली. एवढ्या जमिनीत झाडं आहेत, मैदानं आहेत. फक्त खाटा मागणीला पुरत नाहीत.

बाहेर राहायचं तर औंध, बाणेर, पाषाण. हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणाऱ्यांनी तिथली भाडी ठरवून टाकली आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आली. पुण्यासारख्या शहरासाठी तिने वर्षाला 60,000 रुपये धरले: भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000, निर्वाहासाठी 8,000. योजना मोलाचीच आहे. पण निवासाचे 20,000 बारा महिन्यांवर पसरले की हाती सोळाशे-सतराशे येतात. तेवढ्यात या भागात स्वतंत्र खोली सोडाच, तिघांच्या खोलीतली खाटही मिळणं मुश्कील. मुलींची अडचण आणखी वेगळी. त्यांच्या वसतिगृहाच्या दारावर नोंद कडक, वेळेचं बंधन कडक. गादी पसरण्याची ही वाट त्यांना मुलांइतकी मोकळी नाही. नंबर लागला नाही म्हणून घरच्यांनी शिक्षणच थांबवायचं ठरवलं, ही गोष्ट मुलीच्या बाबतीत आजही घडू शकते. मला या सगळ्यात सर्वांत जास्त सलतं ते हे.

शिकायला आलेल्या गरीब मुलाला पाठ टेकायला जागा कुणी द्यायची, हा प्रश्न महाराष्ट्रात जुना आहे. पूर्वी पुण्यात काही मुलं माधुकरी मागत, वार लावून जेवत. पण ती सोय जात बघून मिळे. राजर्षी शाहूंनी 1901 पासून कोल्हापुरात बोर्डिंगांची रांग उभी केली; 1908 मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. त्याच्या समारंभाला गेला म्हणून आंघोळ करून ये, असं दुसऱ्या एका बोर्डिंगमधल्या एका मुलाला सांगण्यात आलं. त्याने नकार दिला आणि त्याला बाहेर काढलं गेलं. तो मुलगा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. पुढे 1924 मध्ये त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकच बोर्डिंग काढलं. तिथली चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. पुण्यात 1955 मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली, तीही खेड्यातून येणाऱ्या मुलाच्या निवाऱ्यासाठीच.

आज विद्यापीठातल्या ‘कमवा व शिका’ योजनेला कर्मवीरांचं नाव आहे. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयात कागद फाइलला लावणं, बागेत पाणी घालणं, आणि तासांवर मोबदला. खाटेवरचा असो की फरशीवरचा, कितीतरी मुलांचा मेसचा खर्च या तासांतून निघतो. बोर्डिंगमधून हाकललेल्या त्या मुलाच्या नावाने चालणारं काम करून रात्री दुसऱ्याच्या खोलीत निजायला जाणारा विद्यार्थी भाऊरावांना लगेच ओळखू आला असता.

पॅरासाइटचा साधारणपणे पुढच्या वर्षी नंबर लागतो. त्याच्या नावाची खाट येते, टेबल येतं. मग जुलैत एके दिवशी गावाकडून फोन येतो: ‘दादा, मी अमक्याचा भाऊ. यादीत नाव नाही आलं.’ कालपर्यंत फरशीवर निजणारा क्षणभरही न थांबता म्हणतो, ‘ये रूमवर.’ ज्या सीनियरने त्याला जागा दिली तो तोवर एमए होऊन गेलेला असतो, पुस्तकं आणि बादली घेऊन. गादी मात्र त्याने नेलेली नसते. ती खाटेखालीच असते, सुतळीने बांधलेली.