खाजगी दानधर्म की शासकीय साहाय्य? : स्कॉटलंडमधील चामर्स-ॲलिसन वादाच्या संदर्भात ख्रिस्ती विचारांचा अभ्यास

प्रस्तावना :
गरिबांना साहाय्य करावे की नाही, याविषयी ख्रिस्ती धर्मविचारात दुमत नाही. मतभेद आहे तो हे साहाय्य कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कोणत्या स्वरूपात करावे याविषयी. जुन्या करारातील नियमशास्त्राने शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी व परक्यांसाठी राखून ठेवण्याची आज्ञा दिली. तेथे गरिबाचा वाटा धन्याच्या इच्छेवर सोडलेला नाही. नव्या करारात मात्र पौल यरुशलेममधील गरजूंसाठी वर्गणी गोळा करताना ती स्वखुशीने दिली जावी असा आग्रह धरतो. म्हणजे बंधनकारक वाटा आणि ऐच्छिक दान या दोन्ही कल्पनांना धर्मग्रंथाचाच आधार मिळतो. या दोन कल्पनांचा संघर्ष एकोणिसाव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये विशेष स्पष्टपणे दिसून येतो. धर्मोपदेशक थॉमस चामर्स आणि वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक विल्यम पुल्टनी ॲलिसन हे दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती होते. तथापि दारिद्र्यनिवारणाच्या प्रश्नावर ते परस्परविरोधी निष्कर्षांप्रत पोहोचले. या वादाचे स्वरूप स्पष्ट करणे व त्यातून आजच्या चर्चेसाठी काय निष्पन्न होते हे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पार्श्वभूमी :
इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागावर, गरिबांच्या पोषणासाठी सक्तीचा कर बसविण्यात आला होता. स्कॉटलंडमध्येही कर बसविण्याची तरतूद होती. परंतु प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी चर्चच्या दारात जमणाऱ्या दानातूनच गरिबांना मदत मिळत असे व तिचे वाटप स्थानिक चर्चची समिती करीत असे. वृद्ध, अपंग व अनाथ यांना ही मदत मिळे. धडधाकट बेरोजगाराला तीवर हक्क सांगता येत नसे. लहान खेड्यात, जेथे सर्व जण एकमेकांना ओळखत, तेथे ही पद्धत बऱ्याच अंशी पुरेशी ठरत होती. गिरण्यांमुळे झपाट्याने वाढलेल्या ग्लासगोसारख्या शहरात मात्र ती अपुरी पडू लागली आणि इंग्लंडप्रमाणे कर लावण्याची प्रथा पसरू लागली.

चामर्स यांचा प्रयोग :
चामर्स यांचा या कराला तत्त्वतः विरोध होता. त्यांच्या मते गरिबाला आधार देणारे चार नैसर्गिक स्रोत असतात : त्याचे स्वतःचे कष्ट व काटकसर, नातलगांची माया, श्रीमंतांची सहानुभूती आणि गरिबांची आपापसांतील सहानुभूती. मदत कायद्याने मिळू लागली की हे चारही स्रोत आटतात. देणाऱ्याच्या मनातील करुणा व घेणाऱ्याच्या मनातील कृतज्ञता या दोन्ही नष्ट होतात, असे ते मानीत.

१८१९ मध्ये ग्लासगोतील सेंट जॉन्स पॅरिशची सूत्रे हाती आल्यावर त्यांनी हा विचार प्रत्यक्षात आणला. सुमारे दोन हजार कुटुंबांच्या या पॅरिशचे त्यांनी २५ विभाग केले व प्रत्येक विभागावर एक डीकन नेमला. मदतीचा नवा अर्ज आला की डीकनने त्या घरी जावे, काम मिळेल का, नातलग हातभार लावतील का हे पाहावे व अन्य मार्ग नसल्यासच चर्चच्या निधीतून साहाय्य द्यावे, अशी पद्धत होती. चार वर्षांत या पॅरिशमधील गरिबांवरील वार्षिक खर्च १,४०० पौंडांवरून २८० पौंडांवर आला. चामर्स यांच्या दृष्टीने हा त्यांच्या सिद्धांताचा पुरावा होता.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. चामर्स यांचा विरोध सर्वच सार्वजनिक खर्चाला नव्हता. रुग्णालये, तसेच अंध, मूकबधिर व मनोरुग्ण यांच्या संस्था यांना सार्वजनिक आधार देण्यास त्यांची हरकत नव्हती. कारण अशा मदतीच्या आशेने कोणी आंधळा होत नाही. शासकीय मदतीमुळे जे दारिद्र्य वाढण्याची शक्यता आहे, तेथेच त्यांचा आक्षेप होता.

ॲलिसन यांचा आक्षेप :
एडिंबरोच्या गरीब वस्त्यांतील दवाखान्यात काम केलेल्या डॉ. ॲलिसन यांनी १८४० मध्ये स्कॉटलंडमधील दारिद्र्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहून या सिद्धांताला आव्हान दिले. त्याच वर्षी ग्लासगो येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात दोघांचा जाहीर वादही झाला.

ॲलिसन यांचा युक्तिवाद प्रामुख्याने तीन मुद्द्यांवर आधारलेला होता. पहिला, उपासमार व दैन्य यांमुळे ज्वराच्या साथी पसरतात आणि त्यांत कर्ता पुरुष गेला की विधवा व अनाथ यांची नवी भर पडते. म्हणजे मदत नाकारल्याने दारिद्र्य घटत नाही, ते वाढते. दुसरा, कायमचे दैन्य माणसाला काटकसरी करीत नाही, बेफिकीर करते. ज्याला उद्याची आशाच नाही तो उद्यासाठी काय राखणार? तिसरा, ऐच्छिक दानाचा भार विषम पडतो. दयाळू माणूस पुनःपुन्हा देतो, कृपण धनिक मोकळा राहतो आणि शेजारच्या गरिबाचे ओझे बहुधा दुसरा गरीबच वाहतो. म्हणून कराद्वारे निश्चित तरतूद करणे हेच ख्रिस्ती कर्तव्य होय, असे त्यांनी प्रतिपादन केले.

चामर्स यांच्या आकड्यांकडेही या दृष्टीने पाहावे लागते. खर्च कमी झाला, ही वस्तुस्थिती आहे. परंतु त्यावरून गरज कमी झाली असे सिद्ध होत नाही. ज्यांना मदत मिळाली नाही त्यांचे पुढे काय झाले, याचे उत्तर खर्चाच्या वहीत सापडत नाही. १८२३ मध्ये चामर्स यांनी ग्लासगो सोडले व १८३७ मध्ये हा प्रयोग संपुष्टात आला.

कायदा आणि दुष्काळ :
१८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. चामर्स यांच्या नेतृत्वाखाली फ्री चर्च स्थापन झाले. मुंबईत कार्य करणारे डॉ. जॉन विल्सन यांनीही याच चर्चची बाजू घेतली. राष्ट्रीय चर्च दुभंगल्यावर गरिबांची जबाबदारी एकट्या चर्चकडे ठेवणे अशक्य झाले. १८४५ च्या कायद्याने पॅरिश मंडळे, गरिबांसाठी निरीक्षक व मध्यवर्ती देखरेख मंडळ यांची व्यवस्था केली. धडधाकट बेरोजगार मात्र या कायद्यानेही वगळलाच गेला.

लगेचच, १८४६ मध्ये, बटाट्याचे पीक बुडून आयर्लंडप्रमाणे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातही दुष्काळ पडला. या वेळी चामर्स यांनी १८४७ मधील एका लेखात शासनाने सरकारी तिजोरीतून व्यापक साहाय्य करावे असे आग्रहाने मांडले. त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. ही भूमिका वरवर विसंगत वाटली तरी ती तशी नाही. दुष्काळ हा कोणाच्या आळसाचे फळ नसतो व संपूर्ण प्रदेशच उपाशी असताना शेजाऱ्याने शेजाऱ्याला काय द्यावे? चामर्स यांच्याच तत्त्वाला येथे त्याची मर्यादा सापडली.

उत्तरकालीन ख्रिस्ती विचार :
पुढील काळात हा वाद निरनिराळ्या रूपांत चालू राहिला. १९३१ मध्ये पोप पायस अकरावे यांनी, लहान समुदायाला जे जमते ते मोठ्या सत्तेने हिरावून घेऊ नये, हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. इंग्लंडमध्ये आर्चबिशप विल्यम टेंपल यांनी १९४२ मधील आपल्या ग्रंथात सामाजिक व्यवस्थेविषयी बोलणे हे चर्चचे कर्तव्य असल्याचे सांगून कल्याणकारी राज्याच्या कल्पनेला बळ दिले. अमेरिकेत मार्व्हिन ओलास्की यांनी १९९२ मध्ये खाजगी दानधर्माच्या जुन्या परंपरेचा पुरस्कार केला, तर १९९६ च्या कायद्याने धार्मिक संस्थांना आपले धार्मिक स्वरूप राखून शासकीय निधीतून सेवा देण्याची वाट खुली केली. न्याय्य राज्यातही प्रेमाच्या सेवेची गरज उरतेच, असे पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ मध्ये प्रतिपादन केले.

निष्कर्ष :
१. चामर्स व ॲलिसन यांच्यातील मतभेद श्रद्धेचा नव्हता. दारिद्र्याच्या कारणांविषयीचा होता. दारिद्र्य आचरणातून येते असे मानणाऱ्याला ओळखीची, वैयक्तिक मदत योग्य वाटते. ते साथ, मंदी वा दुष्काळ यांतून येते असे मानणाऱ्याला कायद्याची हमी आवश्यक वाटते.
२. डीकनला माणूस ओळखता येतो, परंतु त्याच्या नजरेतून सुटलेल्याला दाद मागता येत नाही. कायद्याला माणूस ओळखता येत नाही, परंतु त्याच्याकडे दाद मागता येते.
३. म्हणून खाजगी दानधर्म व शासकीय साहाय्य यांपैकी एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी ही अपेक्षाच चुकीची ठरते. कोणत्याही व्यवस्थेचे मूल्यमापन तिने किती खर्च वाचविला यावरून न करता, तिने नाकारलेल्या माणसाचे पुढे काय झाले यावरून करणे, हेच गरिबांच्या हिताचे व ख्रिस्ती विचारांशी सुसंगत आहे.